पलीकडचा तीर

जपानला जाऊन आलेली माणसे बहुधा घाईची वर्णने करतात. गाडी ठरल्या क्षणी कशी सुटली, चौकात किती माणसे एकदम रस्ता ओलांडून गेली, उपाहारगृहात यंत्राने जेवणाची चिठ्ठी कशी दिली, असा सगळा हिशेब असतो. त्या देशात एखादा दिवस निवांतपणे, एकट्याने आणि रेंगाळत काढता येतो, हे सहसा कोणी सांगत नाही. आम्हांस तसा एक दिवस लाभला. 2024 च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता, मुक्काम ओसाकाला होता आणि घरची मंडळी बाजारपेठांच्या मागे लागली होती. आम्ही कोबेची वाट धरली.

कोबेच का, याला दोन कारणे होती. एक असे की, पंधरा लाखांच्या वस्तीचे हे महानगर असले तरी त्याची ठेवण आम्हां गोमंतकीयांच्या ओळखीची आहे. पाठीशी डोंगर, पुढ्यात समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माणसांचा संसार. दुसरे कारण तिथल्या नगरसंग्रहालयाच्या मालकीचे एक चित्र. त्याची गाठ दुपारी घ्यायची ठरवली होती. सकाळ बिनकामाची ठेवली होती.

ओसाकाहून कोबेच्या सान्नोमिया स्थानकापर्यंत हांक्यू रेल्वेने अर्धा तास पुरतो. तिचे डबे उन्हात वाळलेल्या आमसुलांच्या रंगाचे, चकचकीत पुसलेले. आत कोणी कोणाशी फारसे बोलत नाही. पेडण्याच्या बसमध्ये दोन थांबे जायच्या आत शेजारच्याला आपले गाव, आडनाव आणि कुलदैवत कळलेले असते. चौथ्या थांब्यावर कुठलेतरी नातेही निघते. इथे अर्ध्या तासात आम्हांस एकाही माणसाने ‘तुम्ही कोणापैकी?’ असे विचारले नाही. आरंभी ते सुखाचे वाटले. पुढे पुढे चुकल्याचुकल्यासारखे झाले. कुलदैवत विचारल्याखेरीज माणसाची ओळख पुरी होत नाही, ही समजूत आमच्या हाडीमांसी किती खिळली आहे ते त्या निःशब्द डब्यात ध्यानात आले.

सान्नोमियाहून उत्तरेला सावकाश चालत गेले की बुलेट गाडीचे शिन-कोबे स्थानक लागते. त्या अवाढव्य इमारतीच्या पाठीमागून एक पायवाट डोंगरात शिरते आणि पाव तासात नुनोबिकीच्या धबधब्यापाशी नेऊन सोडते. खाली ताशी शेकडो किलोमीटर वेगाने धावणारी गाडी आणि वर हातातली काठी टेकत चढणारी म्हातारी माणसे, असे ते शेजारपण आहे. इथल्या चार धबधब्यांपैकी सर्वांत थोरला 43 मीटर उंचीचा. नुनोबिकी म्हणजे ताणून पसरलेले कापड. हरवळ्याचा धबधबा पावसाळ्यात गर्जत असतो, तसे याचे नव्हते. नोव्हेंबरचे कोरडे दिवस, पाणी खरोखरच पांढऱ्या धोतराच्या पानासारखे खडकावरून उतरत होते. भोवताली मेपलची पाने लालभडक झाली होती. समोरच्या बाकावर एक आजीबाई गुडघ्यांवर डबा उघडून जेवत होत्या. त्यांनी मान लववली, आम्हीही लववली. संभाषण एवढेच झाले, आणि तेवढे पुरले.

डोंगर उतरताना वाटेत कितानो नावाची वस्ती लागते. कोबेचे बंदर परदेशी व्यापाराला 1868 मध्ये खुले झाले. त्यानंतर आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांनी चढावर बांधलेले बंगले तिथे अजून आहेत. बहुतेक पर्यटक ते पाहायला येतात. आमचे पाय मात्र आसपासच्या प्रार्थनास्थळांपाशी थबकले. जपानमधली पहिली मशीद इथलीच, 1935 मध्ये उघडलेली. 1945 च्या बाँबवर्षावातून आणि 1995 च्या भूकंपातून ती उभी राहिली. तिच्यापासून थोड्या अंतरावर पांढऱ्या संगमरवराचे जैन मंदिर आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी इथे स्थिरावलेल्या भारतीय कुटुंबांनी ते 1985 मध्ये उभारले. जवळच ज्यूंचे प्रार्थनागृह आहे, ख्रिस्ती मंदिरेही आहेत. सगळ्यांची दारे रस्त्याकडे उघडतात. आपला देव कोणता हे कोणी कोणाला विचारत नाही, आणि कोणी लपवतही नाही. देवाचे दार रस्त्याकडे असणे यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. डिचोलीच्या माणसाला त्यातले विशेष सांगावे लागत नाही.

दुपारी एका लहानशा खानावळीत भाजलेला मासा, भात, पातळ कढण आणि लोणच्याच्या दोन फोडी असे जेवण मिळाले. ‘साबा’ हा मासा आमच्या बांगड्याचा थोरला भाऊ शोभावा. मीठ चोळून निखाऱ्यावर धरलेला. तिखट नाही, तिरफळ नाही, सोल नाही. तरीही मासा आणि भात एका ताटात आले की परदेश निम्मा ओसरतो. तृप्त मनाने आम्ही संग्रहालयाकडे वळलो.

कोबेचे नगरसंग्रहालय एका जुन्या बँकेच्या 1935 मधल्या इमारतीत आहे. दर्शनी बाजूला दगडी खांबांची रांग. आत आम्हांस जे पाहायचे होते ते चित्र संत फ्रान्सिस झेवियरचे. आपल्याकडे ज्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात तेच हे. मूळ चित्र नाजूक असल्याने मोजकेच दिवस बाहेर मांडतात. आम्ही गेलो त्या दिवशी समोर होती ती त्याची बरहुकूम प्रतिकृती. काळा झगा, मस्तकामागे प्रभावलय, वर लागलेली दृष्टी. छातीवर जुळवलेल्या हातांत ज्वाला निघणारे हृदय, त्यातून वर गेलेला क्रूस. ओठांजवळ लॅटिन शब्द आणि खाली जपानी लेख. चित्राची रीत युरोपीय, पण कुंचला जपानी हाताचा, हे आमच्यासारख्या अनभिज्ञालाही जाणवते.

जुन्या गोव्यात ज्या देहाचे दर्शन दर दहा वर्षांनी घडवतात, त्याच माणसाचे हे चित्र. योगायोग असा की आम्ही कोबेत उभे होतो त्याच दिवसांत, 21 नोव्हेंबरपासून, जुन्या गोव्यात ते शवप्रदर्शन सुरू झाले होते आणि लाखांनी माणसे लोटत होती. त्याआधी ऑक्टोबरात त्याच देहावरून गोव्यात मोठा वाद पेटला होता. रस्ते अडले, सभा झाल्या. त्या गदारोळात आमच्या शाळकरी नातवाने विचारले होते, ‘‘आजोबा, सायब आपला की त्यांचा?’’ प्रश्न तीन शब्दांत मावणारा होता. उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. त्याला नुसते ‘‘सांगेन’’ म्हटले होते. त्या शब्दाचे ओझे आम्ही कोबेपर्यंत वाहून आणले होते.

उत्तर सोपे नव्हते, कारण आमच्या घरांत या नावाभोवती दोन आठवणी एकत्र नांदतात. एकीकडे, नवस बोलायला जुन्या गोव्याला जाणारी हिंदू माणसे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. दुसरीकडे, 1542 मध्ये गोव्यात उतरलेल्या याच धर्मगुरूने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इथे इन्क्विझिशन मागितले होते. ते 1560 मध्ये आले, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. आले ते कशासाठी आणि त्याने काय केले, हे या पत्रिकेच्या वाचकांना नव्याने सांगणे नको. ज्यांची कुलदैवते आज मूळ गावी नाहीत, अशी घरे आपल्यात किती आहेत ते आपण जाणतोच.

झेवियर गोव्याहून जपानकडे निघाले ते 1549 च्या एप्रिलात. 15 ऑगस्टला ते कागोशिमाला उतरले. वाट दाखवायला आंजिरो नावाचा जपानी गृहस्थ होता. त्याचा बाप्तिस्मा 1548 मध्ये गोव्यातच झाला होता आणि सेंट पॉल कॉलेजात तो शिकला होता. त्या कॉलेजाची एकाकी कमान जुन्या गोव्यात आजही उभी आहे. पुढे 1587 मध्ये रोमहून परतणारे चार जपानी तरुण गोव्यात थांबले. त्यांच्यापैकी एकाने इथे लॅटिनमध्ये भाषण केले आणि ते 1588 मध्ये गोव्यातच छापले गेले. त्या चौघांपैकी नाकाउरा जुलियान याला 1633 मध्ये नागासाकीत हालहाल करून मारले. गुन्हा एकच, की त्याने आपला देव सोडला नाही.

कारण तोवर जपानमध्ये वारे फिरले होते. शोगुनांच्या राजवटीने 1614 मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. संशयितांना येशू-मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. जो कचरला तो सापडला. अशा काळात ओसाकाच्या उत्तरेकडील डोंगराळ खेड्यात, सेंदाइजी येथे, कोणीतरी हे चित्र एका लाकडी पेटीत घातले. तो मुलूख पूर्वी ताकायामा उकोन या ख्रिस्ती सरदाराचा. त्याला स्वतःला 1614 मध्ये देशाबाहेर घालवले गेले. पेटी घराच्या आढ्याला बांधली गेली आणि तिला नाव पडले ‘न उघडायची पेटी’. घरातल्या थोरल्याने धाकट्याला एवढेच सांगायचे, की ही उघडायची नाही. ती उघडली 1920 मध्ये. जवळजवळ तीनशे वर्षे ते चित्र एका शेतकऱ्याच्या माळ्यावर अंधारात होते.

हे वाचले तेव्हा आम्ही त्या काचेसमोरून हललो नाही. आढ्याला बांधलेली पेटी! आमच्या आजीने सांगितलेल्या कथेत देव रात्री पाटीत घालून, वर पेंढा टाकून नदीपार नेला होता. दिवाडी बेटावरचे श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले, आणि ते लिंग नदी ओलांडून नार्व्याला आले, हे तर सर्वज्ञात आहे. तिथले आणि इथले घडले त्यात शंभर वर्षांचेही अंतर नाही. इथे ज्याच्या अनुयायांच्या भयाने देव पाटीत बसले, त्याचीच मूर्ती तिथे भयाने पेटीत बसली. इथे ज्यांच्या हाती सत्ता होती, तेच तिथे निराधार होते. पेटी बांधणारे हात आणि पाटी उचलणारे हात शेजारी ठेवले, तर कोणते कोणाचे हे ओळखता येऊ नये.

त्या लपलेल्या ख्रिस्ती लोकांनी आणखी एक युक्ती केली होती. मेरीची मूर्ती घरात सापडली तर मरण. म्हणून त्यांनी कान्नोन या करुणामूर्तीची मूर्ती देव्हाऱ्यात ठेवली आणि मनात मेरी म्हणून तिला हात जोडले. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, भारतातून चीनमार्गे तिथवर पोहोचलेला. म्हणजे आपल्या भूमीतून गेलेल्या एका करुणेच्या देवतेने तिथे मेरीला आपल्या पदराआड घेतले. धर्मगुरूंवाचून सात पिढ्या हे लोक असेच राहिले. 1865 मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये येऊन त्यांनी हळूच आपली ओळख दिली; बंदी उठली 1873 मध्ये.

तरी दोन्ही कथांत एक मोठा फरक आहे, आणि तो आमच्या ध्यानात संग्रहालयातल्या दुसऱ्या एका चित्रामुळे आला. कानो नाइझेन या चित्रकाराच्या प्रसिद्ध घडीच्या पडद्यांवर पोर्तुगीज गलबते रंगवली आहेत. एका पडद्यावर गलबत परदेशी बंदरातून निघताना दिसते. ते बंदर गोवा किंवा मकाव असावे असे मानतात. चित्रकार स्वतः परदेशी गेलेला नव्हता, त्यामुळे इमारती चिनी वळणाच्या झाल्या आहेत. पण काठावर एक हत्ती उभा आहे. तो पाहून आम्हांस पेडण्याच्या भगवतीच्या देवळासमोरचे दगडी हत्ती आठवले आणि परमुलखात हसू आले. दुसऱ्या पडद्यावर गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले आहे. उतरलेल्या माणसांत छत्र धरणारे सावळे सेवक आहेत. त्या पडद्यांवर सगळीकडे समुद्र आहे. नदी मात्र कुठे नाही.

आमच्या पूर्वजांना नदी होती. मांडवीपलीकडे दुसऱ्या राजाचा अंमल होता. पोर्तुगिजांची सत्ता तिथवर पोहोचत नव्हती. नार्वे, डिचोली, हा सगळा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. म्हणजे हिंदूंचे देव ख्रिस्ती राजवटीतून निघाले ते मुसलमान सुलतानाच्या मुलखात येऊन निर्धास्त झाले. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, ही पुढची गोष्ट. डिचोली आणि पेडणे पोर्तुगिजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर त्यांचा धर्मप्रसाराचा जोर ओसरला होता. सेंदाइजीच्या त्या शेतकऱ्याला पलीकडचा तीर नव्हता. चहूबाजूंनी एकाच शोगुनाचे राज्य. म्हणून त्याला आढे शोधावे लागले आणि आम्हांस देऊळ बांधता आले.

संध्याकाळी बंदरावर गेलो. तिथे मेरिकेन बागेत धक्क्याचा एक तुकडा जसा मोडला तसाच राखून ठेवला आहे. 17 जानेवारी 1995 रोजी पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी झालेल्या भूकंपात 6,434 माणसे दगावली. शहर नव्याने बांधताना हा तुकडा मुद्दाम दुरुस्त केला नाही. कलंडलेले दिवे, फाटलेले काँक्रीट, खाली हिंदकळणारे पाणी, भोवती कठडा. एक शिक्षिका लहान मुलांची रांग घेऊन आली होती आणि त्यांना काही समजावून देत होती. मुले ऐकत होती, मधूनच एकमेकांना ढकलत होती.

डिचोलीच्या माणसाला जपानच्या बंदरावर लाल मातीही आठवणारच. दुसऱ्या महायुद्धानंतर आमच्या तालुक्यातले लोहखनिज बार्जांनी मांडवीतून मुरगावला आणि तिथून जहाजांनी जपानच्या पोलाद भट्ट्यांकडे गेले. याच कोबे शहरातली मोठी झोतभट्टी 2017 च्या ऑक्टोबरात थंड झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2018 च्या मार्चात गोव्यातल्या खाणीही थांबल्या. त्यांतल्या काही लिलावानंतर पुन्हा सुरू झाल्या आहेत. त्या नदीने पूर्वी आमच्याकडे देव आणले आणि नंतर आमच्याकडून डोंगर नेले. दोहोंपैकी कशाचीही खूण आम्ही कोबेकरांसारखी कठडा घालून जपलेली नाही.

मोडका धक्का मुलांना दाखवणे कोबेकरांना एका परीने सोपे आहे, कारण भूकंपाला वंशज नसतात. त्याचा राग शेजाऱ्यावर काढता येत नाही. आमच्या मोडक्या देवळांची गोष्ट सांगताना मात्र शेजारच्या वाड्यावरची घंटा ऐकू येत असते, आणि तिथे राहणारी माणसे बहुधा आपल्याच पूर्वजांच्या भावकीतली असतात. म्हणून काहीजण ती गोष्ट सांगतच नाहीत, आणि काहीजण सांगतात ती अर्ध्यावर थांबवून. कोणी पाडले इथे थांबतात. कोणी सामावून घेतले इथवर येत नाहीत. परमुलखातून आलेल्या देवाला पलीकडच्या तीरावर कोणीतरी जागा दिली, दिव्याला तेल दिले, पुजाऱ्याला शेत लावून दिले. पेडणे-डिचोलीची जुनी घराणी त्या जागा देणाऱ्यांची वारस आहेत, किंवा त्या जागेत आसरा घेणाऱ्यांची. कित्येक घरांत दोन्ही रक्ते मिसळली आहेत. हा वारसा तक्रारीच्या वारशापेक्षा मोठा आहे, आणि तो पुढच्या पिढीच्या हाती देण्याचे काम आपलेच आहे.

गोव्यास परतल्यावर नातवाला जे सांगितले ते थोडक्यात असे. दिवाडीचे देऊळ पाडले गेले हे खरे. ते विसरायचे नाही. सायबाने इन्क्विझिशन मागितले हेही खरे. ते झाकायचे नाही. त्याच सायबाचे चित्र एका गरीब शेतकरी घराने तीनशे वर्षे जिवापाड जपले, हेही तितकेच खरे. सत्ता ज्याच्या हाती असते तो देव पाडतो आणि ज्याच्या हाती नसते तो लपवतो. यात धर्म बदलला तरी रीत तीच राहते. तेव्हा ‘आपला की त्यांचा’ हे विचारण्याआधी, त्या वेळी पाटी कोणाच्या डोक्यावर होती ते विचारावे.

एवढे ऐकून तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे आता भांडण मिटले?’’ मुलांना निकाल हवा असतो. आम्ही त्याला शिरगावच्या लईराईची गोष्ट सांगितली. ती डिचोलीतल्या सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच बहुधा तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. सात बहिणींपैकी एक बहीण, मिराबाई, म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्रीस सायबीण होऊन राहिली, अशी लोकांची श्रद्धा आहे. धर्म पालटला म्हणून बहिणीचे नाते तुटले नाही. तिच्या फेस्ताला शिरगावहून लईराईचे तेल जाते, आणि लईराईच्या जत्रेला म्हापशाहून मोगऱ्याची फुले येतात.

नातवाने विचारले, ‘‘फुले कोण आणतो?’’ ते आम्हांस सांगता आले नाही. येत्या जत्रेला दोघांनी मिळून पाहून यायचे ठरवले आहे.